निळ्या कोपऱ्याची सवय

लाल कोपरा घरच्याचा, निळा पाहुण्याचा. मुष्टियुद्धाच्या धंद्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही, चार लढती झाल्या की आपोआप कळतं. ज्याच्या गावात लढत आहे, ज्याच्या नावावर तिकिटं खपलीत, तो लालमध्ये बसतो. निळ्यात बसतो तो बोलावलेला गडी. त्यानं यायचं, थोडे ठोसे द्यायचे, पुष्कळ खायचे, लोकांना लढत झाल्यासारखी वाटेल इतपत झुंजायचं आणि हरून गुपचूप घरची गाडी पकडायची. लवकर आडवा पडला तर पुन्हा कुणी बोलावत नाही. आणि चुकून जिंकला, तर मग विचारूच नका!

आमच्या ग्रिम्स्बीचा डेस बॉरिल आठ-नऊ वर्षं असा निळ्यात बसला. बेलफास्ट झालं, हॅम्बर्ग झालं, कोपनहेगन झालं. सोमवारी फोन यायचा आणि गुरुवारी हा कुठल्या तरी परक्या हॉलमध्ये परक्या लोकांच्या शिव्या खात उभा. आणि हा कोण? तर एकेकाळचा देशाचा हौशी अजिंक्यवीर, हेवीवेट! लंडनहून कप घेऊन आला तेव्हा गोदीवर मासे उतरवणारी माणसं काम टाकून स्टेशनात धावली होती. बँड होता. महापौर होता. आता तेच लोक त्याला म्हणायचे, "काय डेस, या वेळी कुठं मार खाऊन आलास?" तो हसायचा. मोठा गोड गडी, राग कसा तो माहीतच नाही.

त्याला घडवला विल्फ स्टॅम्पनं. जाळ्यांच्या गोदामावर एक माळा होता. खाली डांबर उकळायचं, वर पोरं उड्या मारायची. विल्फनं तिथं अर्ध्या गावाला ठोसे शिकवले, म्हणून सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. डेस त्या माळ्यावर आला तो माशांची पिंपं उचलून उचलून बैलासारखे खांदे झालेला. मात्र पाय असे हलके, की विल्फ पहिल्याच दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाला, "आज देव माळ्यावर आला गं." बायको म्हणाली, "देवाला पाय पुसून यायला सांगायचं, जिना मीच धुते."

हौशी लढती म्हणजे तीन फेऱ्या, अंगात बनियन आणि बक्षिसाला घड्याळ नाहीतर काट्याचमच्यांची पेटी. डेसनं इतकी घड्याळं जिंकली, की पुढं विल्फच्या मुलीशी, जॅनिसशी, लग्न झालं तेव्हा घरात प्रत्येक भिंतीवर एक होतं आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता. तीच त्यांची चांगली वर्षं. मग बनियन उतरलं. लंडनचा एक गोडबोल्या मॅनेजर आला, त्यानं डेसला धंद्यात ओढलं. बोटांवर मोजण्यासारख्या लढती तो जिंकलाही. मग एका अमेरिकनानं त्याला असा झोपवला, की शुद्धीवर आल्यावर तो आपल्या मेलेल्या आईची चौकशी करत होता. गोडबोल्यानं त्यानंतर फोनच उचलला नाही.

तेव्हाच सोडायला हवं होतं. पण त्याच सुमाराला आइसलँडवाल्यांनी आपला समुद्र आमच्या बोटींना बंद केला, गोदी ओस पडली आणि डेसला उचलायला पिंपं राहिली नाहीत. विल्फनं त्याला परत आपल्या हाताखाली घेतलं आणि फोन घ्यायला लागला. जावयाला निळ्या कोपऱ्यात बसवणारा सासरा! हे विल्फला टोचत नव्हतं असं मुळीच नाही. परक्या हॉलमध्ये शेवटची घंटा झाली, की पंच समोरच्या पोराचा हात वर करायचा. आमच्याकडे निकाल एकटा पंच देतो, तिथंच उभ्या उभ्या. तो हात वर जाताना विल्फ बादलीत बघत बसायचा.

एका रविवारी जॅनिस बापाच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बायको गेल्यापासून स्वयंपाक विल्फच करायचा; तो हॅडॉक मासा साफ करत होता.

"बाबा, बस झालं आता. त्याला सोडवा यातून."

"का गं, काय झालं?"

"विसरायला लागलाय. बोलताना जीभ अडकते. परवा मला दोनदा विचारलं, जेवलो का म्हणून."

"अगं, मी पण विसरतो."

"तुम्ही अडुसष्टचे आहात. तो छत्तिसाचा आहे."

विल्फनं सुरी खाली ठेवली. खरं सांगायचं तर त्यालाही दिसत होतं. माळ्यावर डेसनं त्याला दोन वेळा गॉर्डन अशी हाक मारली होती, आणि गॉर्डन म्हणजे डेसचा भाऊ, बोटीबरोबर बुडालेला. पण विल्फच्या मनात दुसरंच घोळत होतं. गावाला लागूनच असलेल्या क्लीथॉर्प्सला, समुद्रकाठच्या नाचाच्या हॉलात, ऑक्टोबरात लढती ठरल्या होत्या, आणि भरवणारा माणूस म्हणाला होता, डेसला घरच्या कोपऱ्यात बसवू, जुनं नाव आहे, लोक येतील.

"एक लढत," विल्फ म्हणाला. "एकच. आपल्या गावात, लाल कोपऱ्यात. गेली इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं त्याच्यावर चढून मोठी झाली गं. एकदा त्याचा हात वर गेलेला लोकांना बघू दे. मग ग्लोव्ह्ज मी स्वतः शेगडीत घालतो."

"आणि त्याला काही झालं तर?"

"मला काही दिसलं, एवढंसं जरी दिसलं, तर मी तिथल्या तिथं पंचाला सांगून लढत थांबवीन."

"आईची शप्पथ घ्या."

"तुझ्या आईची शप्पथ."

जॅनिसनं डोळे पुसले, हॅडॉक कागदात गुंडाळून घेतला आणि गेली. लढत बघायला ती आजवर कधी आली नव्हती. या वेळी म्हणाली, येते. शेवटचीच आहे तर येते.

समोरचा गडी वुल्व्हरहॅम्प्टनचा, ट्रेव्हर स्कीट. तोही निळ्या कोपऱ्यातलाच, डेसच्याच जातकुळीचा. दोघं परक्या स्टेशनांवर एका बाकावर बसून एका पुडीतले चिप्स खाल्लेले. वजनाच्या वेळी स्कीटनं डेसच्या पोटावर थाप मारली.

"काय रे, आज तू यजमान! जरा बेतानं हं. मला चार पोरं आहेत घरी."

"मी तर फुलं वाहणार आहे तुला," डेस म्हणाला.

"फुलं नको. माणूस मेल्यावर वाहतात."

सगळे हसले. आपण इथं कशाला आलोय हे स्कीटला कुणी सांगायची गरज नव्हती. आठ फेऱ्या नाचायचं, डेसला चांगलं दिसू द्यायचं, आपली हाडं सांभाळायची आणि जायचं. यात कुणी कुणाशी काही ठरवत नाही हो, ठरवलं तर गुन्हा होईल. नुसतं कळतं.

हॉल गच्च भरला होता. गोदीवरचे म्हातारे आले होते, त्या बँडच्या दिवशी खांद्यावर बसलेली पोरं आता बायका घेऊन आली होती. डेस आत आला तसे लोक उठून उभे राहिले. तो लाल कोपऱ्यात चढला, स्टुलाकडे बघितलं, विल्फकडे बघितलं आणि पोरासारखा हसला. "वस्ताद, इथून हॉल वेगळाच दिसतो." विल्फ डोळे आणि हात दोन्ही खाली घालून उगाच स्पंज पिळत बसला.

पहिल्या चार फेऱ्या सुरेख झाल्या. पाय पूर्वीसारखे नव्हते, पण डाव्या हाताची जुनी सफाई अजून होती. डावा, डावा आणि बाजूला सरक. "हाण डेस! अरे हाण!" म्हातारे ओरडत होते. तिसऱ्या रांगेत जॅनिस आधी तोंडावर रुमाल धरून बसली होती. चौथ्या फेरीत रुमाल खाली आला. ती ओरडायलाही लागली होती.

पाचव्यात स्कीट दोरांपाशी कोंडला गेला आणि त्याच्या हातून अंगवळणी पडलेला उजवा ठोसा वरून सुटला. मुद्दाम मारला नाही त्यानं. डेसनं तो यायच्या आधीच डोकं वळवलं होतं, म्हणून तो लागला कानामागं. आवाज असा आला, जसा ओला टॉवेल फरशीवर पडावा. डेस पडला नाही. ही त्याची खोडच होती, पडायचंच नाही. स्कीटनं लगेच त्याला मिठी मारली आणि धरून ठेवलं, तोंडानं म्हणत होता, "उभा राहा गड्या, उभा राहा." लोकांना वाटलं, स्कीट दमला. लोकांना काय, कशावरही टाळ्या!

सहावी फेरी डेस लढला. कशी लढला ते विचारू नका, पण लढला. हात आपोआप चालत होते. घंटा झाली. स्कीट आपल्या निळ्या कोपऱ्याकडे वळला, तर त्याच्या आधी डेस तिथं जाऊन स्टुलावर बसलेला! हात दोरांवर टाकून, तोंड पाण्यासाठी उघडून, अगदी ऐसपैस.

स्कीटचा बादलीवाला म्हणाला, "अहो पाहुणे, हे आमचं घर." आणि काय हशा पिकला म्हणता! म्हाताऱ्यांनी मांड्यांवर हात मारले. कुणीतरी मागून ओरडला, "नऊ वर्षांचं भाडं भरलंय त्यानं, बसू द्या!" दुसरा ओरडला, "डेस, आज घरी आहेस बाबा, घरी!" पंच गारसाइड, तोही जुना माणूस, डेसला किती तरी गावांत निळ्या कोपऱ्यात बघितलेला, तोही हसला. तिसऱ्या रांगेत जॅनिस शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. लोक हसतायत म्हणून डेसही हसला.

विल्फ हसला नाही. सवय म्हणे! पहिल्या फेरीनंतर हा बरोबर लालमध्ये आला होता, दुसरीनंतर आला होता, पाचवीनंतरसुद्धा आला होता. सवय काय सहाव्या फेरीला आठवते होय?

स्कीटनं डेसला कोपराला धरून उठवलं आणि स्वतः लाल कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. तोही हसत नव्हता. वाकून हळूच म्हणाला, "काका, गडी बरा नाही. लढत थांबवा."

"तू आपलं बघ," विल्फ म्हणाला.

त्यानं डेसच्या मानेवर गार स्पंज दाबला. डेसच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती.

"डेस, इकडे बघ. मी कोण?"

"वस्ताद."

"कुठं आहोत आपण?"

डेसनं हॉलभर नजर फिरवली. इतके लोक आपल्याकडे बघून हसतायत, टाळ्या वाजवतायत, याचा मेळ त्याला लागत नव्हता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बेलफास्ट ना? त्यांना सांगा वस्ताद, मी पडणार नाही. पोराला हवं तर गुणांवर जिंकू द्या. पण मी पडणार नाही."

विल्फला आता पंचाकडे बघून नुसता हात हलवायचा होता. एवढंच. "थांबवतोय" म्हणायचं, डेसला कोट घालायचा. दोन फेऱ्या उरल्या होत्या. सगळ्या फेऱ्या डेसच्या होत्या, आंधळ्यालाही दिसत होतं. नुसता उभा राहिला असता तरी हात वर जाणार होता. आणि आता थांबवलं तर कागदावर लिहिलं जाणार, की डेस बॉरिल आपल्याच गावात, आपल्याच कोपऱ्यात, स्टुलावर बसून हरला. याच स्टुलासाठी तर सगळा खटाटोप! विल्फ मनाला म्हणाला, पाचव्यातच काय व्हायचं ते होऊन गेलंय, स्कीट आता मारणार नाही, दोन फेऱ्यांनी काय आभाळ कोसळतंय? शप्पथ आठवली नाही असं नव्हे. आठवली, आणि त्यानं ती बाजूला सारली.

गारसाइड रिंग ओलांडून येताना दिसला. अजून ओठांवर हसू होतं, पण येत होता विचारायलाच. विल्फ डेसचं तोंड पुसायच्या निमित्तानं वाकला आणि त्याच्या कानात म्हणाला, "क्लीथॉर्प्स. विचारलं तर क्लीथॉर्प्स म्हण. कळलं? क्लीथॉर्प्स."

"काय विल्फ, ठीक आहे ना गडी?" गारसाइडनं विचारलं.

"सवय हो, दुसरं काय! इतकी वर्षं निळ्यात काढली. मीसुद्धा बादली घेऊन तिकडंच निघालो होतो."

गारसाइड पुन्हा हसला. "डेस, कुठं आहेस तू?"

डेसनं विल्फकडे बघितलं. शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा चेहरा केला. "क्लीथॉर्प्स," तो म्हणाला. पहिल्या रांगेतल्या लोकांनी ते ऐकलं आणि जयजयकार केला.

सातव्या-आठव्या फेरीत स्कीटनं हात उगारलाच नाही म्हणा ना. तो डेसला मिठीत घेऊन फिरवत होता, डेस त्याच्या बरगड्यांवर थापट्या मारत होता. लोकांना वाटलं, आपला डेस त्याला फोडून काढतोय. शेवटची घंटा झाली तशी गारसाइडनं एका पावलात येऊन डेसचा हात धरला आणि वर केला.

खोटं कशाला बोला, तो हात वर गेला तेव्हा विल्फ रडला. सगळं विसरून, हुंदके देऊन रडला. हॉलमध्ये गाणं सुरू झालं होतं, मासळीवाल्या बायका खुर्च्यांवर चढल्या होत्या. डेस लोकांना हात दाखवत होता, चारही बाजूंना.

कपडे बदलायच्या खोलीत तो बाकावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. मग एका कुशीवर कलंडला. विल्फनं हाका मारल्या, गालावर मारलं, पाणी मारलं. जॅनिस दारातून आत आली ती हसतच आली होती, हातात त्याचा कोट होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात हंबर नदीवरचा मोठा पूल सुरू झाला होता, म्हणून ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन थेट पलीकडच्या हल शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊ शकली. डॉक्टरांनी कवटी उघडली, रक्त काढलं. सकाळी एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, जगेल. पण बोलेल का, चालेल का, माणसं ओळखेल का, याचं आत्ता काही सांगता येत नाही. रक्त बराच वेळ आत साठत होतं म्हणाला, थोडा आधी आणला असता तर गोष्ट वेगळी होती. मग त्यानं या दोघांची तोंडं बघितली आणि आत निघून गेला.

खिडकीतून ऊन येत होतं. कुणीतरी चहाचे दोन कप आणून ठेवले होते, ते तसेच गार झाले होते. जॅनिसच्या मांडीवर अजून तो कोट होता. विल्फ वाट बघत होता. आता ती विचारील. तुम्ही शप्पथ घेतली होती म्हणेल. काय सांगायचं ते त्यानं रात्रीत ठरवलं होतं. सगळं सांगायचं, बेलफास्ट, कानात काय पढवलं ते, सगळं. मग ती तोंड बघणार नाही तर नको बघू दे.

"बाबा," जॅनिस म्हणाली, "माझंच चुकलं."

विल्फनं मान वर केली.

"मागच्या महिन्यात तो आमच्या जुन्या घराला चावी लावत उभा होता. पाच वर्षं झाली ते सोडून. आतल्या बाईनं हाताला धरून आणून सोडलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. लाज वाटली मला. नवऱ्याला वेड लागलं म्हणतील लोक. सांगितलं असतं, तर काल तो त्या कोपऱ्यात जाऊन बसला तेव्हा तुम्हाला लगेच कळलं असतं. तुम्ही थांबवलं असतं." तिचा आवाज फुटला. "सगळ्या हॉलात एकटीला मला माहीत होतं, बाबा. चुकीच्या घरात जाऊन बसतो हे मला एकटीला माहीत होतं. आणि मी काय केलं? मी हसले! शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले."

विल्फनं बोलायला तोंड उघडलं. ठरवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. आता नुसतं म्हणायचं होतं, की पोरी, तुझं नाही, माझं. मला कळलं होतं. मला स्कीटनं सांगितलं होतं, गारसाइडनं विचारलं होतं. जॅनिस त्याच्याकडे बघत होती, डोळे सुजलेले, लहानपणी पडून आल्यावर बघायची तशी. तिला आता बापाशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्यालाही तिच्याशिवाय.

"सगळेच हसले गं," तो म्हणाला. "कुणाला काय कळणार?"

"तुम्ही पण?"

"मी पण."

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोकळेपणानं रडायला लागली. विल्फ तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला.